रबरी सापाचा घसारा

दरवर्षी जुलैत आमच्या संस्थेचं ऑडिट होतं, आणि दरवर्षी सीएंच्या ऑफिसात नव्यानं लागलेली एखादी आर्टिकलशिपची मुलगी यादीवर पेन टेकवून मला विचारते, "काका, हे 'साप, १ नग' काय आहे?"

रबरी आहे, मी सांगतो. सात वर्षांपूर्वी जत्रेत घेतला, १२० रुपयांना. पावती नाही. जत्रेतला खेळणीवाला पावती देत नाही. मागितली तर साप परत मागतो. म्हणून व्हाउचर मी केलं, मंजुरीची सही मी केली, आणि 'पैसे मिळाले' इथेही मीच सही करणार होतो, तेवढ्यात अध्यक्षांनी हात धरला.

पहिल्या वर्षी या सापावर अर्धा तास खल झाला होता. खर्च महसुली की भांडवली? चहा पिऊन संपतो, म्हणून तो महसुली. साप संपत नाही, तो वर्षानुवर्षं शाळांतून फिरणार, म्हणजे भांडवली. भांडवली म्हणजे मालमत्ता, आणि मालमत्ता म्हटली की घसारा आला. पंधरा टक्के, घटत्या शिलकेवर. १२० चे १०२ झाले, मग ८६ रुपये ७० पैसे, आणि असं करत करत आज आमच्या सापाची पुस्तकी किंमत ३८ रुपये ४७ पैसे आहे. या पद्धतीची गंमत अशी की किंमत दरवर्षी उतरते, पण शून्यावर कधीच येत नाही. उद्या संस्था बंद पडेल, मीही जाईन, सापाचे काही पैसे मात्र ताळेबंदात वळवळत राहतील. खरे साप कात टाकतात, आमचा घसारा टाकतो.

मी या संस्थेचा खजिनदार. बँकेत बत्तीस वर्षं काढली. मराठी माणूस बँकेतून निवृत्त झाला की हिशेब लिहायला म्हणून त्याच्या मागे तीन ठिकाणं लागतात: हाउसिंग सोसायटी, देऊळ आणि वाचनालय. मी तिन्ही चुकवली आणि चौथ्यात सापडलो. सकाळी मी टेकडीवर जात असे, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलं होतं म्हणून. तिथे दुर्बीण लावून बसलेले जीवशास्त्राचे निवृत्त सर रोज भेटत. एक दिवस दुर्बिणीतून डोळा न काढता ते म्हणाले, "तुम्ही बँकेत होतात ना?" मी हो म्हणालो. सरांनी पक्षी पाहिला की नाही मला माहीत नाही, पण खजिनदार त्यांना दिसला.

आपल्याकडे चांगलं काम एकट्यानं केलं तर कायद्याची हरकत नसते. चारचौघांनी मिळून करायचं म्हटलं की १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा असे दोघेही दारात येऊन उभे राहतात. १८६० चा कायदा म्हणतो, निदान सात माणसं हवीत. काम करणारी तीन होती. उरलेली चार आम्ही जावई, मेहुणे आणि शेजारी यांतून उभी केली. त्यांपैकी एकाला पालीचीही भीती वाटते. तो उपाध्यक्ष. नावाचंही तसंच. सुचवलेलं पहिलं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं, दुसरंही घेतलेलं. शेवटी 'निसर्ग', 'पर्यावरण', 'संवर्धन', 'संशोधन' आणि 'शिक्षण' हे सगळे शब्द आगगाडीच्या डब्यांसारखे जोडले आणि शेवटी तालुक्याचा डबा लावला. एवढं लांब नाव दुसऱ्या कुणाचं निघालं नाही. चेकवर ते एका ओळीत मावत नाही.

कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आमचे एक विश्वस्त वारले तेव्हा मृत्यूचा दाखला, ठराव, इतिवृत्ताची प्रत आणि नव्या माणसाचं संमतीपत्र असं सगळं जोडायचं होतं. इतिवृत्तावर सह्या घ्यायच्या राहून गेल्या, चूक आमचीच, आणि प्रकरण लांबलं. तेवढ्या काळात दप्तरी ते आमच्यातच होते. त्यांच्या घरून वर्षश्राद्धाचं बोलावणं आलं तेव्हा माझ्या मनात आलं, कागदोपत्री पाहिलं तर हे स्वतःच पंगतीला बसू शकतात.

आता काम काय, तर सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यातल्या शाळांतून मुलांना साप, पक्षी, झाडं, ओढे यांची ओळख करून द्यायची. हे करते एकच बाई. तिला सगळे ताई म्हणतात. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., जुनी स्कूटर, महिना सहा हजार मानधन. यातला मान आम्ही पहिल्या तारखेला देतो, धन जमेल तसं. लांबच्या शाळांना एसटी दिवसातून एकदा जाते आणि परत यायला दुसरा दिवस उजाडावा लागतो, म्हणून स्कूटर. पुढे ताई, मागे मी, माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत साप आणि पावतीपुस्तक.

मुलांना शिकवायचं तर दिवस साधून शिकवावं, असं सुरुवातीला आम्हाला वाटायचं. पर्यावरणाचे दिवस पुष्कळ आहेत. पण ते ज्यांनी ठरवले त्यांच्या घरी शाळेत जाणारं मूल नसावं. ५ जूनला जागतिक पर्यावरण दिन. शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह. त्यात एक गांधी जयंती आणि पुढे सत्र परीक्षेचं सावट. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली या दोघांच्या जन्मदिवसांना सांधणारा. कल्पना उत्तम, पण बहुतेक वर्षी तेव्हा दिवाळीची सुट्टी असते. पक्षी हजर, मुलं मामाच्या गावाला. २० मार्चला चिमणी दिन येतो तेव्हा वर्गात वार्षिक परीक्षेचे नंबर टाकत असतात. पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा असावा असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सांगितलं, त्याप्रमाणे तो झालाही. न्यायालयानं वेळापत्रक मात्र आमच्यावर सोडलं. आम्ही आता दिन-बिन पाहत नाही. गुरुजी म्हणतात, "गुरुवारी या, तालुक्याला मीटिंग आहे, पोरं मोकळी आहेत," की आमचा पर्यावरण दिन.

असंच एका गुरुवारी घाटातल्या एका वस्तीवरच्या शाळेत गेलो होतो. साप नवा होता तेव्हाची गोष्ट. एक खोली, पहिली ते चौथी, तेवीस मुलं. ताईंनी पिशवीतून साप काढला, तेवीसजण मागच्या भिंतीला जाऊन चिकटले आणि रबरी आहे म्हटल्यावर तेवीसजण सापाला चिकटले. मग नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार विषारी सापांची चित्रं झाली. सापाला बाहेरचे कान नसतात, पुंगीवर तो डोलतो तो हलत्या पुंगीकडे पाहून, हे झालं. साप दूध पीत नाही, गारुड्यानं तहानलेला ठेवला तर जे पुढे येईल त्यात तोंड घालतो, हेही झालं. चौथीतला एक मुलगा बोट वर करून उभा राहिला.

"बाई, आमची आजी म्हंती पितो."

"नाही रे, पीत नाही."

"मग परीक्षेत काय लिवू?"

"परीक्षेत 'पीत नाही' लिही."

"आन् घरी?"

या प्रश्नाला एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं. ताई म्हणाल्या, "आजीला पुढच्या वेळी शाळेत घेऊन ये."

पुढच्या वेळी तीन आज्या आल्या. डोक्यावर पदर, हातात विळा, कारण परत जाताना वैरण कापायची होती. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: नागाचं जाऊ दे, पण धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हे त्यांनी थोरल्या जावेच्या तोंडून ऐकलं होतं आणि थोरली जाऊ खोटं बोलत नसे. ताईंनी सापाच्या जबड्याचं चित्र काढलं. दात आत वळलेले, ओठ नाहीत, चोखता येत नाही. आज्या चित्राकडे बघत राहिल्या. मग ताई म्हणाल्या, "बरं, दात लागल्यावर म्हैस काय करेल?"

त्या मुलाच्या आजीनं क्षणभर विचार केला. "लाथ मारंल."

"मग?"

"मग मरंल की धामण." आणि बाकीच्या दोघींकडे वळून ती म्हणाली, "न्हाई गं, ही म्हंती त्यात तथ्य हाय."

प्राणिशास्त्र हरलं होतं, म्हशीनं खिंड लढवली. निघताना आजीनं कमरेचा बटवा सोडला आणि दहा रुपयांची नोट ताईंच्या हातावर ठेवली. ताई नको नको म्हणत होत्या. मी पावतीपुस्तक उघडलं होतं. बत्तीस वर्षांची सवय. समोर पैसे आले आणि कागद निघाला नाही तर मला रात्री झोप लागत नाही. आजीचं पूर्ण नाव विचारलं. ते सांगायला तिला जरा वेळ लागला, कारण बरेच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. पावती तिनं उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "तिकीट न्हाई लावलं?" मी सांगितलं, पाच हजारांच्या वर असेल तरच रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. तिचं समाधान झालं नाही, पण पावती पदरात बांधून ती गेली.

असे दहा-दहा रुपये जोडून स्कूटरचं पेट्रोलही निघत नाही, त्यामुळे देणगीदार शोधावे लागतात. देणगीदार वाईट नसतात. त्यांची अडचण एकच: त्यांना नाव घालायला जागा लागते. कपाटाला दार असतं, बाकाला पाठ असते, पंख्याला पाती असतात. ताईंच्या पगाराला नाव कुठे रंगवणार? त्यामुळे आमच्याकडे चार कपाटं आहेत आणि त्यांत ठेवायला दीड कपाट कागद. दोन पंखे आहेत. चालू केले की कैलासवासी मंडळी गरगर फिरतात. झाडांचंही तसंच. २०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा कार्यक्रम होता तेव्हा रोपाला पैसे द्यायला माणसं रांगेत उभी होती. रोपाबरोबर फोटो येतो. फेब्रुवारीत त्याच रोपाला कळशीभर पाणी घालणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही. आणि शिकवण्याचा तर फोटोही धड येत नाही: एक बाई बोलते आहे, मुलं खिडकीबाहेर बघताहेत. मुलं खिडकीबाहेर बघताहेत म्हणजेच धडा बरा चालला आहे, हे देणगीदाराला कसं पटवावं?

मग कुणीतरी सीएसआरचं सुचवलं. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५: ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. यादीत शिक्षण आहे, पर्यावरणही आहे. आम्ही दोन्ही करतो, तर निदान एक टक्का तरी, असा माझा हिशेब. फॉर्म भरले, नोंदणी क्रमांक घेतला आणि एका कंपनीचा तरुण अधिकारी लॅपटॉप घेऊन आमच्या ऑफिसात, म्हणजे सरांच्या पडवीत आला. मुलगा गोड होता. वहिनींच्या हातचे पोहे त्यानं दोनदा घेतले.

"सर, इम्पॅक्ट कसा मोजता?"

सर म्हणाले, "मुलं प्रश्न विचारतात."

"किती?"

"किती म्हणजे?"

"प्रश्न, सर. पर सेशन."

सरांनी दुर्बीण पुसायला घेतली. ते चिडले की दुर्बीण पुसतात. मग त्यांनी मुलाला सलीम अलींची गोष्ट सांगितली. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कसली चिमणी म्हणून विचारायला पोरगं मुंबईत बीएनएचएसमध्ये, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, गेलं. तिथल्या मिलार्ड नावाच्या साहेबानं त्याला हाकलून दिलं नाही. कपाटं उघडून एकेक पक्षी दाखवला, वाचायला पुस्तकं दिली. त्या पोराचे पुढे सलीम अली झाले. "आता सांगा," सर म्हणाले, "त्या दुपारचा रिपोर्ट मिलार्डनं कसा लिहायचा? लाभार्थी: एक. त्यातही एक चिमणी आधीच मेलेली."

मुलगा मनापासून हसला. म्हणाला, "स्टोरी सुपर आहे, सर. पण स्केल नाही." ताईंच्या पगाराचं विचारलं तर म्हणाला, पगार ॲडमिनमध्ये जातो, ॲडमिनला आम्ही सहसा देत नाही. मी त्याला समजावून पाहिलं. झाडांच्या कामात रोप वेगळं आणि माळी वेगळा, तिथे माळ्याला ॲडमिन म्हणा हवं तर. आमच्याकडे रोप ताई, माळी ताई आणि झारीही ताईच. ताई काढून टाकल्या तर शिल्लक राहतो तो घसारा लागलेला साप. त्यानं हे लॅपटॉपवर टिपून घेतलं. सहा आठवड्यांनी मंजुरी आली: कंपनीचं नाव छापलेल्या तीनशे टोप्या, आणि 'प्लास्टिकला नाही म्हणा' असा वीस फुटी फ्लेक्स.

टोप्या चांगल्या निघाल्या. अजून ऊसतोडीच्या वेळी फडात दिसतात. फ्लेक्सही वाया गेला नाही. पावसाळ्यात तो एका वैरणीच्या गंजीवर पसरलेला असतो. दोन शब्द घडीत गेलेत, 'म्हणा' एवढंच रस्त्यावरून वाचता येतं. काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

राहता राहिले गावातले पगारदार आणि डॉक्टर. हे लोक संस्था काय करते हे विचारण्याआधी "८०-जी आहे का?" हे विचारतात. प्राप्तिकराच्या सवलतीचं ते प्रमाणपत्र मिळवण्यासाठी मी जेवढे जोडे झिजवले तेवढे मुलीच्या लग्नासाठीही झिजवले नव्हते. मिळालं तेव्हा पेढे वाटले. ते खात्यात 'किरकोळ' मध्ये आहेत. आता लोक म्हणू लागले, "म्हणजे अर्धे परत येतात ना?" इथे माझ्यातला बँकवाला आड येतो आणि मी खरं सांगून बसतो. अर्धे परत येत नाहीत. देणगीच्या अर्धी रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि तेवढ्यावरचा कर वाचतो. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसानं हजार दिले तर त्याचे शंभर वाचतात, वर सेसचे चार. रोख दोन हजारांच्या वर दिले तर तेही नाहीत. ऐकणाऱ्याचा हात खिशातून हळूहळू बाहेर येताना मी पाहिला आहे. तरी काहीजण द्यायचे. मग २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू झाली, जुनी हवी तर मागून घ्यायची. नव्या प्रणालीत ८०-जीच नाही. आम्ही वरात घेऊन दारात पोचलो आणि नवरी दुसऱ्या गल्लीत नांदायला गेली होती.

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्री साडेनऊला फोन वाजला. अनोळखी नंबर, घोगरा, नुकता फुटलेला आवाज.

"पावतीवाले काका का? आमच्या गोठ्यात धामण निघालीया. आजोबा काठी घेऊन आल्यात, मी त्यांच्या काठीवर बसलोय. लवकर सांगा, काय करू? काठीसकट उचलतील मला."

मी खजिनदार. सापाबद्दल मला फक्त घसारा कळतो. ताईंचा फोन लागत नव्हता. त्याला म्हटलं, धामणच आहे हे धरून चालू नकोस, सगळे लांब व्हा, तिच्यावर नजर ठेवा, मी माणूस पाठवतो. आमच्या गावच्या सर्पमित्राला झोपेतून उठवलं. तो मोटरसायकलवर गेला, पाऊण तासानं त्याचा फोन: धामणच, सहा-साडेसहा फुटी, उंदरांच्या मागे आली होती. धरली, वनखात्याला कळवलं, आता सोडतो. म्हैस ठीक आहे. आजोबा चिडलेत.

मी त्या मुलाला परत फोन लावला आणि विचारलं, माझा नंबर कुठून मिळाला? टोपीवर नव्हता, टोपीवर कंपनीचा होता.

"पावतीवर हाय की. आजीनं लाइट बिलांच्या तारेला लावून ठेवलीया. आजीच म्हणाली, ह्यांनी पावती दिलीया, ह्यांना लाव फोन, येतील. दहा रुपये भरल्यात."

मला दहा रुपयांत विमा उतरवल्याचं त्या रात्री कळलं.

यंदाच्या ऑडिटला मी ही हकिकत त्या आर्टिकलच्या मुलीला सांगितली आणि विचारलं, हे कुठे दाखवायचं? तिनं खरंच विचार केला. जमा नाही, खर्च नाही, येणंही नाही. सर्पमित्राच्या पेट्रोलचे ऐंशी रुपये तेवढे 'प्रवास' मध्ये घेऊ म्हणाली. मग यादीवर खूण करत तिनं विचारलं, "साप अजून आहे ना, काका? प्रत्यक्ष पडताळणी करावी लागते." मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. शेजारच्या केबिनमधले दोन सीए खुर्चीवर चढले.

या मार्चअखेर आमच्या खात्यात ११,६४० रुपये होते. ताईंचे दोन महिनेही पुरते निघणार नाहीत एवढे, शिवाय सापाचे ३८. तुमच्या तालुक्यातही अशी एखादी लांब नावाची संस्था असेलच. तिच्या खजिनदाराला गाठा. टोप्या देऊ नका, कपाट तर मुळीच देऊ नका. शिकवणाऱ्या बाईंच्या पगारासाठी म्हणून द्या, तसं पावतीवर लिहून घ्या, चेकवर नाव बारीक अक्षरात लिहा म्हणजे मावेल. दहा रुपये दिलेत तरी पावती मागा, आणि घरी गेल्यावर ती लाइट बिलांच्या तारेला लावून ठेवा.